मामी, तो वरचा सा

मामी, तुम्ही गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. आपल्या कंपाउंडच्या बायकांचा तो ग्रुप, एरवी त्यात कुणाकडे कढीपत्ता आहे का आणि शाळेची बस निघाली का, एवढंच चालतं. सकाळी अविनाशचा प्लांटवर न्यायचा डबा भरत होते तेव्हा फोन वाजला. चेन्नईला सकाळची कॉफी पिऊन तुम्ही खुर्चीत बसलात आणि बसल्या बसल्याच गेलात, असं कुणीतरी लिहिलं होतं. मग पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांगच लागली. मी नाही जोडले हात. मला राग आला होता, आणि आठवडा होत आला तरी तो उतरलेला नाही. भांडण अर्धवट टाकून माणसाने असं उठून जायचं असतं का हो?

कुठलं भांडण ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या शेवटच्या शुक्रवारी, आपल्या रिक्रिएशन हॉलमध्ये, तोडीच्या आलापात मी पेटीवर वरचा सा दाबला. दाबायचा नव्हता, तुम्ही बजावून ठेवलं होतं. तरी दाबला. त्याने तुमचं गाणं सावरलं की बिघडलं, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. दोन वर्षं फोनवर गुडघे, नळाचं पाणी, मामांचं बीपी, सगळं बोललात. त्या सा बद्दल मात्र तोंडाला कुलूप. मीही विचारलं नाही. म्हटलं, विचारलं आणि 'बिघडलं' म्हणालात तर? म्हणून थांबले, आणि आता कुणाला विचारू?

घरात पाय ठरत नाही माझा. भांडी घासते, तीच पुन्हा घासते. पेटीची खोळ काढते, परत घालते. शेजारची शमीमभाभी काल कोलंबीचं कालवण घेऊन आली आणि म्हणाली, "अगो, जरा बस की एका जागी. तुला बघून मलाच चक्कर यायला लागली." बसले, आणि लगेच उठून तिच्यासाठी चहा टाकला.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात त्या तांदळाच्या कोठीत. सौदीतल्या अबकैकच्या या कंपाउंडमध्ये आम्ही नाशिकहून नुकतेच आलो होतो. अविनाश प्लांटवर, आणि मी दिवसभर भिंतींकडे बघत. शमीमभाभी म्हणाली, पलीकडच्या घरातली मद्रासी मामी गाते, पण अशी गाते की ऐकायला भिंतीला कान लावावा लागतो. मी सरळ बेल वाजवली. 'मामी' म्हणजे आमच्यात आईच्या भावाची बायको, तुमच्यात गल्लीतली कुठलीही वडीलधारी बाई, म्हणून दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही माझ्या मामी झालात. तुम्ही मला हॉल ओलांडून, स्वयंपाकघर ओलांडून त्या कोठीत नेलंत. तीन बाजूंनी तांदळाची पोती, मधे चटई, चटईवर सतत एकच सूर धरून ठेवणारा श्रुतीचा डबा. "इधर से आवाज बाहर नहीं जाती," तुम्ही म्हणालात, आणि ते अशा अभिमानाने की जणू काही तुम्हीच ती खोली बांधली होती.

त्या दिवसांत इथे गाणं-बजावणं घराबाहेर ऐकू जाणं बरं दिसत नसे. कुणी येऊन दार ठोठावलं असं कधी झालं नाही, पण मामांनी लग्नानंतर तुम्हाला इथे आणलं त्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, गा, पण दाराच्या आत. मामा भिडस्त माणूस, हिशेबखात्यातला. तुम्ही ऐकलंत. आणि इतकं मनावर घेतलंत की पुढची सगळी वर्षं तुमचा आवाज दारापाशी येऊन शहाण्या मुलासारखा परत फिरायचा.

त्याआधीचं तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा विश्वासच बसेना. कावेरीकाठचं तुमचं गाव, आणि आत्याच्या घरी राहून शिकवणी. तुमचे पाट्टु वाध्यार, म्हणजे गाण्याचे मास्तर, पहाटे सगळ्या मुलींना नदीत कमरेपर्यंत उभं करायचे. सा रि ग म, तेच ते सरळी, आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट, हात पाण्यावर आपटून ताल. पलीकडच्या काठावर एक धोबी कपडे धूत असे. त्याला ऐकू गेलं की तो हात वर करायचा. त्याचा हात वर झाल्याशिवाय मास्तर कुणाला पाण्याबाहेर येऊ देत नसत. "मेरे लिए वो पहले दिन ही हाथ उठा दिया," तुम्ही म्हणाला होतात. बाकीच्या मुली थंडीने काकडत असायच्या आणि तुम्ही काठावर बसून इडली खायच्या. देवळात पहिली कचेरी, म्हणजे तुमच्यातली मैफल, झाली, लोकांनी मान डोलावली, दुसरीची तारीख ठरली, आणि तेवढ्यात लग्न ठरलं. नदी ओलांडणारा आवाज घेऊन तुम्ही आलात ते थेट पोत्यांच्या खोलीत.

मी चिडले होते तेव्हा. "आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बोलती तो क्या होता? चावल तो फिर भी पकाना था ना." अशी उत्तरं द्यायच्या की मला हात झाडून उठून जावंसं वाटायचं. गेले मात्र कधीच नाही.

माझी पेटी बघून तुमचं तोंड कसं झालं होतं, आठवतं? दम्मामच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती उघडायला लावली होती, भाता ओढून पट्टीवर बोट ठेवलं, आतून भों निघालं, तो दचकून मागे सरला आणि मग खो खो हसला आणि 'यल्ला', चला निघा, म्हणाला. त्या परक्या माणसाने पेटीला पास केलं, तुम्ही नाही केलंत. तुमची गायची पट्टी पाच कट्टै आणि माझी पांढरी पाच, हा सूर एकच निघाला, तेवढ्यावरच आपलं काय ते पटलं. बाकी बोंब. "ये सीढ़ी है, सुलभा. मेरा राग झूला है. सीढ़ी पे झूला झूलते हैं क्या?" मी म्हटलं, "झोपाळ्यावर बसून माडीवर जाता येतं का, ते सांगा आधी." तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात, पण हार मानली नाहीत. मी कल्याणीला यमन म्हटलं की तुम्ही कान झाकून घ्यायच्या. मोहनमला भूप म्हटलं की "अय्यो, पाप" म्हणायच्या. आणि तोडीचं तर नावच काढायची सोय नव्हती, कारण तुमची तोडी आणि आमची तोडी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. तुम्ही ती गायला लागलात की मला वाटायचं ही भैरवीच, फक्त कुणीतरी हलवून हलवून तिला झोपू देत नाहीये.

तरी मला शिकवलंत. नाशिकला भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या, चाळिशी गाठलेल्या बाईला तुम्ही मांडीवर हात आपटायला लावून पहिल्यापासून सरळी शिकवलीत. कोठीत एसी बंद, कारण त्याची घरघर श्रुतीत मिसळते. बाहेर अंगाची काहिली, आत आपण दोघी घामाने निथळत सा रि ग म. मी म्हणायचे, मामी, जीव जाईल. तुम्ही म्हणायच्या, "सुर में जाएगा तो चलेगा." किती वाह्यात बोलायच्या हो तुम्ही.

मग ती वर्षं आली. कंपन्यांना रंग मिळाले, लाल, पिवळा, हिरवा. ज्यांच्याकडे सौदी माणसं कमी त्या लाल, आणि लाल कंपनीतल्या माणसाचा इकामा, इथे राहायचा परवाना, पुढे सरकेना. प्रत्येक घरात तीच चर्चा, कुणाचा कफील, ज्याच्या नावावर व्हिसा तो सौदी मालक, काय म्हणाला, कुणाला कायमचं परत पाठवणारं फायनल एक्झिट मिळालं. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरातला सोफा विकायला निघायचा. मामांच्या खात्यात एक तरुण सौदी मुलगा आला. मामांनीच त्याला सगळं काम शिकवलं, आणि तो शिकला तसं मामांचं काम संपलं. मुलगा चांगला होता, जाताना खजुराचा डबा घेऊन आला होता. त्यामुळे चिडायलाही कुणी मिळेना, तुम्ही मला म्हणालात.

तुम्ही भांडी वाटायला काढलीत आणि मी तुमच्या मागे लागले. जायच्या आधी एकदा गा. पोत्यांत नाही, हॉलमध्ये, माणसांसमोर, पूर्ण आवाजात. कंपाउंडच्या आतलाच हॉल, पडदे ओढू, सगळी आपलीच माणसं. तुम्ही नाही म्हणालात. मग गुडघे म्हणालात. मग आवाज गेला म्हणालात. मी म्हटलं, "धोब्याने पहिल्या दिवशी हात वर केला होता ना? मग या नाशिकवालीने कधी करायचा?" वाटायला काढलेलं एक पातेलं तुम्ही परत फळीवर ठेवलंत. मग म्हणालात, "तोडी गाऊंगी." मी घरी येताना रस्त्यात पळतच होते.

व्हायोलिनवाला रियाधहून यायचा होता, बत्हातल्या एका दुकानात हिशेब बघणारा, हात सोन्याचा. आधीच्याच आठवड्यात त्याचा फोन आला, खलास, त्याचंही तिकीट निघालं होतं. मृदंगवाला जुबैलचा, तो तेवढा राहिला. तुम्ही म्हणालात, व्हायोलिन नाही तर कचेरी नाही, गाणारीने श्वास कुठे घ्यायचा? आता मला कळतं ते. तुमच्यात गाणारी एक ओळ सोडते आणि व्हायोलिन ती उचलतं, तेवढ्यात ती दम घेते. तेव्हा मला वाटलं, झालं, ही बाई पुन्हा पळवाट काढतेय. मी म्हटलं, मी बसते पेटी घेऊन. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी देवघरात चपला घालून आले होते. पण श्रुतीच्या डब्याचा आवाज हॉलमध्ये मागच्या खुर्चीपर्यंत पोचेना. तेव्हा नाइलाजाने म्हणालात, "सिर्फ सा और प. एक उंगली भी इधर-उधर गई तो मैं उठ के चली जाऊंगी." मी शपथ घेतली. चक्क कुंकवाची घेतली.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलं होतं, त्यावर समया. तुम्ही मोरपंखी कांजीवरम नेसला होतात आणि हिऱ्याच्या कुड्या घातल्या होत्यात. मामा पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून. पहिलं वर्णम, मग आणखी दोन रचना. गायलात सुरेख, पण मामी, खरं सांगते, आवाज कोठीतलाच होता. लोक पुढे वाकून ऐकत होते. एसी बंद केला, तरी वाकलेलेच. मी मनात म्हणत होते, सोडा ना आवाज, कोण येतंय आता दार ठोठावायला?

आणि तुम्ही तोडी सुरू केलीत. खालून, अगदी खालून, एकेक स्वर हलवत. व्हायोलिन नाही, त्यामुळे तुम्हीच ओळ सोडायची आणि तुम्हीच उचलायची. मृदंगवाला हात मांडीवर ठेवून बसलेला. तुम्ही धैवत घेतलात, निषादावर आलात आणि तिथेच राहिलात. आवाज हलतोय, हलतोय, वर काही जात नाहीये. तुमच्या गळ्याची शीर तटतटली होती. कपाळावरचा घाम कुंकवातून उतरत होता. मला वाटलं, संपला दम. आता तुटणार. इतक्या वर्षांनी ही बाई माणसांसमोर बसलीय आणि आता सगळ्यांदेखत तुटणार, आणि उद्या विमानात बसणार. माझं बोट गेलं. विचार करून नाही गेलं, आपसूक गेलं. वरचा सा दाबला, भाता पूर्ण भरून.

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. डोळे मोठे झालेले. मी मनातल्या मनात पेटी गुंडाळायला घेतली होती. आणि मग तुम्ही त्या सा वर उभ्या राहिलात. न हलवता. तोंड पूर्ण उघडून. मामी, काय आवाज होता तो! माझ्या हाताखालच्या पट्ट्या थरथरल्या. मामांचा ताल थांबला, ते नुसते बघत राहिले. शमीमभाभी तिकडे मागच्या पँट्रीत भजी तळत होती, ती झारा हातात घेऊन दारात आली. पुढे तुम्ही उतरलात, आलाप पुरा केलात, रचना गायलात, आणि आवाज उघडा तो उघडाच राहिला. टाळ्या किती वेळ वाजत होत्या.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. म्हणजे भजी खाल्लीत, मला भज्यांचा डबा भरून दिलात, दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना गालावरून हात फिरवलात आणि डोळे पुसलेत. पण सा बद्दल एक अक्षर नाही. तुम्ही चेन्नईला गेल्यावर मी दर फोनला विचारायचे, गाता का, कुठल्या गाण्याच्या सभेत नाव दिलं का? "डिसेंबर में देखेंगे," तुम्ही म्हणायच्या. दोन डिसेंबर, तिथले गाण्याचे दोन मोसम, गेले. मला खात्रीच पटत चालली होती की मी तुमचा एकुलता एक दिवस नासवला आणि तुम्ही केवळ माणुसकीने गप्प आहात. कधी उलट वाटायचं, की मीच तारलं यांना आणि उपकार कबूल करायचा जिवावर येतोय. दोन्ही वेळा तुमचा राग यायचा. भाजी चिरताना यायचा, इस्त्री करताना यायचा. अविनाश म्हणायचा, सरळ विचारून टाक ना बाई. त्याला काय कळतंय.

आता आमचंही सामान निम्मं बांधून झालंय, मामी. अविनाशची कंपनी पिवळ्यावर आली. पेटी न्यायची की इथेच कुणाला द्यायची यावर आमची वादावादी चालू होती, त्यात तुमची बातमी आली. मग काहीच सुचेना. मामांना फोन करायचा धीर होत नव्हता. आज दुपारी त्यांचाच आला.

मामांचं बोलणं कसं, तुम्हाला माहीत आहे, दोन शब्द आणि मग मोठी शांतता. मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग मी विचारलंच. म्हटलं, मामा, खरं सांगा, त्या दिवशी मी सा दाबला, त्याचा त्यांना राग आला होता का? की खरंच दम संपला होता?

मामा चक्क हसले. एवढ्या दुःखात हसले हो. म्हणाले, "दम? नहीं नहीं. वो तो ऊपर पहुंच चुकी थी." विमानात बसल्या बसल्या तुम्ही त्यांना सगळं सांगितलं होतंत. तोडीचा निषाद तुमच्यात एका जागी उभा राहतच नाही, तो हलतो तो धैवतापासून वरच्या षड्जापर्यंत हलतो. दर हेलकाव्याला तुम्ही त्या सा ला हात लावून परत येत होतात. पुन्हा पुन्हा. मजेत. मला पेटीवाल्या बाईला पट्टी दाबल्याशिवाय स्वर आला असं वाटतच नाही, म्हणून मला वाटलं तुम्ही अडकलात. मामांनी तुम्हाला विचारलं होतं, मग चिडली नाहीस? तुम्ही म्हणाला होतात, "मैं तो छू के वापस आने वाली थी. देखा तो सुलभा आ के उधर खड़ी है. वो खड़ी हो गई, तो मैं भी खड़ी हो गई. इतने साल में इतना जोर से कभी खड़ी नहीं हुई थी."

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. गॅसवर डाळ उतू गेली, जाऊ दिली. मी मामांवरच ओरडले, अहो, मग हे मला सांगायचं नाही का त्यांनी? दोन वर्षं! एक वाक्य बोलायला काय जात होतं?

"मैंने बोला था उसको, सुलभा को बोल दे," मामा म्हणाले. "वो बोली, नक्को. अभी बोलूंगी तो वो हर बार दबाएगी."

हर बार म्हणालात तुम्ही, मामी, म्हणजे पुन्हा गायचं होतं, आणि पेटीला मीच. हर बार.